शाळेच्या कुंपणाला खरी मेंदी लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणासाठी कोणती झाडं लावावीत, याची माहिती आपल्या रविवारच्या पुरवणीत आली होती. यादीत पहिलं नाव मेंदीचं होतं, ते वाचून फार बरं वाटलं. पण शेजारी छापलेलं चित्र मेंदीचं नव्हतं. पिवळ्याधमक पानांचं आणि केशरी मण्यांचे घोस लटकलेलं ते झाड ड्युरांटाचं. चित्राची चूक कुणाकडूनही होते, पुढच्या अंकात दुरुस्तही होते. पण हीच चूक गेल्या वर्षी आमच्या गावात झाली आणि तिच्यापायी शाळेचं ३७ वर्षांचं कुंपण मुळासकट गेलं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण शक्य झाल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये ३६ वर्षं शिकवलं. त्यातली १२ वर्षं माण तालुक्यातल्या एका गावात गेली आणि निवृत्तीनंतर मी त्याच गावात राहिले. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणाला दोष द्यायचा नाही, झालेलं नुकसान भरून काढायचं आहे.

१९८८ सालच्या जूनची गोष्ट. शाळेला कुंपण नव्हतं. शेळ्या थेट वर्गात यायच्या, मुलांच्या डब्यातल्या भाकरीला तोंड लावायच्या. बाभळीच्या काट्या टाकल्या की महिन्याभरात कुणी तरी त्या चुलीला न्यायचं. तारेच्या कुंपणाला पैसा नव्हता. शेजारच्या चाचींच्या परसात मेंदीचं जुनं झाड होतं, चांगलं दोन पुरुष उंच. त्यांनीच सुचवलं, "बाई, माझ्या झाडाच्या काड्या न्या आणि लावा. पाणी नसलं तरी जगतंय ते." पहिला दमदार पाऊस झाल्यावर तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन मी चाचींच्या परसात गेले. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पक्क्या झालेल्या फांद्या चाचींनी विळ्यानं तोडून दिल्या. प्रत्येक फांदीचे वीतभर लांबीचे तुकडे केले, खालची पानं काढली, वरची दोन-चार ठेवली. खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापायचं, म्हणजे लावताना कोणतं टोक मातीत जाणार ते मुलांना बरोबर कळतं.

शाळेच्या चारी बाजूंना मुलांनी वीतभर खोल चर खणला. माती कसली, मुरूमच तो. घरोघरून एकेक घमेलं शेणखत आलं. एका फुटावर एक काडी, दोन ओळींत, समोरासमोर न येता एकाआड एक अशी लावली. प्रत्येक काडीचे दोन तृतीयांश मातीत. मुलांना एकच गोष्ट बजावली होती की मुळं फुटली का ते बघायला काडी उपटायची नाही. तरी एक-दोघांनी उपटलीच. तीन-चार आठवड्यांत काड्यांना हिरवे डोळे फुटले. ज्या वाळल्या त्यांच्या जागी दुसऱ्या लावल्या. पहिली दोन वर्षं बाहेरून बोरीच्या काट्या लावून शेळ्या थोपवल्या आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक तांब्या पाणी एका झाडाला, ते मुलं घरून येताना आणायची. तिसऱ्या वर्षापासून त्या कुंपणाला कुणी पाणी घातलं नाही. मधले दुष्काळ त्यानं तसेच काढले. २००३ साली माणदेशात जनावरांच्या छावण्या होत्या, माणसं टँकरच्या रांगेत उभी होती. तेव्हाही पानं गळून नुसत्या काटक्या राहिल्या आणि पाऊस पडल्यावर त्याच काटक्यांवर पंधरा दिवसांत पालवी आली.

गेल्या वर्षी शाळेचं सुशोभीकरण निघालं. हेतू चांगलाच होता. जुनं कुंपण खाली विरळ झालं होतं, ते काढून नवं लावायचं ठरलं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "बाई, मेंदीच लावणार आहोत, काळजी करू नका." एका सकाळी यंत्र आलं, तासाभरात चर मोकळा झाला. दुपारी रोपवाटिकेच्या टेम्पोतून काळ्या पिशव्यांतली रोपं उतरली. पावतीवर 'मेंदी' असंच लिहिलेलं होतं. रोपं ड्युरांटाची होती.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्या दिवशी नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चौथीतल्या दोन मुली माझ्या दारात आल्या. त्यांनी नव्या कुंपणाची पानं ओरबाडून आणली होती, दगडावर ठेचून हातावर थापली होती. दोन तास हात आवळून बसल्या होत्या. धुतल्यावर हात होते तसेच. "बाई, ही मेंदी रंगत का नाही?" असं त्यांनी मला विचारलं. त्यांच्या आया त्याच शाळेत माझ्याकडे शिकल्या आहेत आणि त्यांनी जुन्या कुंपणाची मेंदी लावून नागपंचमी केली आहे. मी आधी मुलींचे हात साबणानं स्वच्छ धुतले आणि त्या झाडाची केशरी फळं चुकूनही तोंडात घालायची नाहीत असं सांगितलं. ड्युरांटाची फळं विषारी असतात. लहान मुलांच्या शाळेभोवती ती लावणं मला मुळातच पटत नाही.

खरी मेंदी ओळखणं अवघड नाही. पानं लहान, दोन ते चार सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, कडेला दात नसलेली, आणि फांदीवर समोरासमोर जोडीनं येणारी. कोवळी फांदी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. जुन्या झाडाच्या आखूड फांद्यांची टोकं काट्यासारखी टणक होतात. फुलं बारीक, दुधाळ पांढरी, चार पाकळ्यांची, तुऱ्यात येणारी. फळं मिऱ्याएवढी गोल, आधी हिरवी, मग तपकिरी. ड्युरांटाची फुलं जांभळी-निळी असतात आणि कुंपणासाठी लावतात त्या जातीची पानं पिवळी. शहरांत बंगल्यांना जे गर्द हिरवं कुंपण दिसतं, पांढऱ्या फुलातून लांब तांबूस केसर बाहेर आलेले असतात, ती कोयनेल. तिलाही कित्येक जण मेंदी म्हणतात. सगळ्यात सोपी परीक्षा हाताचीच आहे. पाच-सहा पानं लिंबाच्या दोन थेंबांबरोबर चुरडून तळव्यावर अर्धा-पाऊण तास ठेवा. नारिंगी डाग उमटला तरच ती मेंदी. रोप विकत घेताना रोपवाटिकेत उभं राहूनच हे करून पाहावं, लाजू नये.

नात्यागोत्यानं बघितलं तर मेंदी डाळिंबाच्या कुळातली. धायटी आणि आपलं राज्यफूल तामण हीसुद्धा त्याच कुळातली. शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. लिनियसनं आयझॅक लॉसन या स्कॉटिश डॉक्टरच्या नावावरून ते ठेवलं. संस्कृतात तिला मदयंतिका म्हणतात. मला हे नाव फार आवडतं, कारण ते रंगावरून नाही, वासावरून आलेलं असावं असं ज्यानं मेंदीचं फुललेलं झाड रात्री हुंगलंय त्याला वाटल्याशिवाय राहत नाही. कुंपण सारखं छाटलं जातं म्हणून त्याला फुलं येत नाहीत, आणि म्हणून मेंदीला इतकं सुवासिक फूल येतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. शाळेच्या कुंपणात कोपऱ्यावरची दोन झाडं आम्ही कधीच छाटली नाहीत. ती वाढून छोटे वृक्ष झाले होते. फुलोऱ्यावर आली की मधमाश्यांचा दिवसभर नुसता गुंजारव, आणि अंधार पडल्यावर तो वास देवळापर्यंत जायचा. चाची त्या फुलांचे तुरे उशीच्या अभ्र्यात घालत, त्यानं झोप शांत लागते म्हणून. लोकरीच्या घोंगडीच्या घडीतही ठेवत. कनौजला या फुलांपासून अत्तर काढतात.

आता माझ्या माहेराबद्दल लिहायला हवं, कारण मेंदीची खरी गंमत मला माहेर आणि हे गाव यांच्यातल्या फरकानं कळली. माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, भरपूर पावसाचं. तिथं मेंदी नटण्याआधी औषध म्हणून कामाला यायची. भातलावणीच्या दिवसांत आई, काकू, सगळ्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात उभ्या. आठ दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजायच्या, पांढऱ्या पडून सोलायच्या. त्याला चिखल्या म्हणतात. रात्री चुलीपाशी बसून आई वाटलेली मेंदी बोटांच्या मधे भरायची आणि पाय लांब करून तशीच झोपायची. सकाळी कातडी लाल आणि कोरडी झालेली असायची, आग कमी व्हायची, आणि पुन्हा ती चिखलात उतरायची. लावणी संपेपर्यंत आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचे पाय लाल असत. मी लहानपणी समजत होते की मेंदी पायालाच लावायची असते.

माहेरची मेंदी हातावर मात्र फिकी चढायची. विटकरी, फार तर. कात घालून बघितला, चहाचं पाणी घालून बघितलं, तरी तेच. माण तालुक्यात आले आणि पहिल्याच नागपंचमीला चाचींच्या झाडाची मेंदी लावली तर दुसऱ्या दिवशी हात जवळजवळ काळपट लाल. मला वाटलं चाचींनी वाटणात काही तरी वेगळं घातलं असणार. त्यांनी तर लिंबू सोडून काहीच घातलं नव्हतं. पुढं वाचलं, विचारलं, तेव्हा उलगडा झाला. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. कोरड्या, तापत्या हवेत, हलक्या जमिनीत वाढलेल्या पानात ते जास्त साठतं. भरपूर पावसात पान मोठं आणि लुसलुशीत होतं, पण रंग पातळ राहतो. म्हणजे ज्या माळरानाला आम्ही आयुष्यभर नावं ठेवली, तेच या झाडाला मानवतं. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी देशभर जाते, तिला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडचाही मुलूख असाच कमी पावसाचा. माणदेशानं, जत-आटपाडीनं, मराठवाड्यातल्या कोरड्या पट्ट्यानं बांधावर मेंदी लावायला काय हरकत आहे, हा प्रश्न मला कायम पडतो. एकदा लागलेलं झाड वीस-पंचवीस वर्षं पाला देतं.

हे लॉसोन कातडीतल्या केराटिनला घट्ट चिकटतं. तळहात आणि तळपाय यांची कातडी जाड, म्हणून रंग तिथं सगळ्यात गडद चढतो आणि मनगटाच्या वर फिका. आंबट घातल्यानं रंग मोकळा व्हायला मदत होते, लिंबाचं काम ते. धुतल्याबरोबर हात नारिंगीच दिसतो. नंतरच्या एक-दोन दिवसांत हवेनं तो गडद होत जातो. म्हणून आमच्याकडे जुन्या बायका मेंदी खरवडून काढायला सांगत, पाण्यानं धुऊ देत नसत, आणि वर गोडेतेल चोळत. त्यांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण अगदी बरोबर करत होत्या.

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी शाळा सुटली की पोरी कुंपणाला लागायच्या. नियम मी घालून दिला होता. पान ओरबाडायचं नाही, शेंड्याची कोवळी पानं खुडायची, प्रत्येकीनं एक ओंजळ. चाचींच्या ओट्यावर पाटा होता. त्यावर गल्लीतल्या सगळ्यांचा पाला एकत्र वाटला जायचा. वाटणारीचे हात आधीच रंगलेले, तिला वेगळी लावावी लागत नसे. कोन नव्हते. लहान पोरींच्या तळव्यावर मधोमध एक मोठा गोल, भोवती ठिपके आणि बोटांना टोप्या. मोठ्या मुली काडेपेटीच्या काडीनं वेल काढायच्या. आणि ज्यांना काही काढता येत नसे त्यांनी मूठ धरायची. लिंबाएवढा गोळा मुठीत घट्ट दाबायचा, वरून एरंडाचं पान गुंडाळायचं, चिंधी बांधायची आणि झोपायचं. सकाळी मूठ उघडली की सगळा तळवा लाल आणि हातावरच्या रेषा तेवढ्या पांढऱ्या. त्या मुठीच्या मेंदीइतकी सुंदर नक्षी मी नंतर कुठल्याही लग्नात पाहिलेली नाही.

चाचींच्या घरी मोहरमच्या सातव्या दिवशी मेंदी निघायची, त्यांच्या लेकींच्या लग्नात मेंदीची रात्र असायची. आमच्या लग्नांत त्या काळी हळद मोठी, मेंदी आपली घरच्या घरी. पण पाला एकाच झाडाचा. त्यांच्याकडचं वाटण आमच्याकडे आणि आमच्याकडचं लिंबू त्यांच्याकडे. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या दाढ्या आणि आमच्या सासूबाईंचे केस त्याच झाडानं रंगत. चाची जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांचं परस विकलं गेलं, तिथं दुकानाचे गाळे झाले. त्यांच्या झाडाची लेकरं म्हणजे आमचं ते कुंपण होतं, हे आज लिहिताना हात थांबतो.

कुंपण गेलं म्हणून मेंदीची हौस गेली नाही, ती जाऊही नये. पण पाला मिळेना तेव्हा कोन आले. आमच्या यात्रेत गेल्या वर्षापासून 'पाच मिनिटांत लाल' आणि 'काळी मेंदी' अशा दोन पाट्या दिसतात. गल्लीतल्या एका बारा वर्षांच्या मुलीनं मनगटावर काळं फुलपाखरू काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी फुलपाखराच्या आकाराचे फोड उठले, पाणी वाहायला लागलं. त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. फोड बरे झाले, पण फुलपाखराची खूण अजून दिसते. मेंदीचा रंग कधीच काळाकुट्ट नसतो. तो नारिंगीपासून गडद तपकिरी लालपर्यंतच जातो. काळा यावा म्हणून त्यात पॅराफेनिलिनडायामाइन, म्हणजे पीपीडी मिसळतात, जे केसांच्या काळ्या डायमध्ये असतं. एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते. पुढं मोठेपणी केसांना डाय लावला तरी त्रास होऊ शकतो. त्या मुलीच्या आईला डॉक्टरांनी हेच बजावलं. पाच मिनिटांत गडद लाल होणाऱ्या कोनांबद्दलही मी इतकंच म्हणेन की पानाला रंग सोडायला तास लागतात आणि गडद व्हायला दिवस. ज्याला पाच मिनिटं पुरतात तो रंग पानाचा नाही. वेष्टनावर घटक लिहिलेले नसतील तर तो कोन मुलींच्या हाती देऊ नका.

खऱ्या मेंदीबद्दलही एक सावधगिरी सांगते, कारण पुष्कळ घरांत तान्ह्या बाळाच्या तळव्यांना कौतुकानं मेंदी लावतात. काही मुलांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाला मेंदी लावली तर तांबड्या पेशी फुटून कावीळ आणि गंभीर आजार होऊ शकतो. बाळाला ही कमतरता आहे हे बघून कळत नाही. म्हणून तान्ह्या मुलांना मेंदी लावूच नये. पोटात घेण्याचे उपाय कुणी सांगितले तर तेही करू नयेत. मेंदी हाता-पायाला आणि केसांना, एवढंच.

घरी एखादं झाड हवं असेल त्यांच्यासाठी थोडं लिहिते. जागा नसेल तर चौदा इंची कुंडी पुरते. तळाला भोकं मोकळी हवीत, खाली खापऱ्या, मग निम्मी माती, उरलेल्यात वाळू आणि शेणखत. दिवसभर ऊन लागेल तिथंच ठेवावी, सावलीत मेंदी लांबुडकी आणि फिकी होते. माती वर कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. मेंदी तहानेनं मरत नाही, मुळाशी पाणी तुंबून मरते. बियांपासूनही रोपं होतात, पण धीर हवा. बी बारीक, टणक सालीचं. ते फडक्याच्या पुरचुंडीत बांधून आठ-दहा दिवस पाण्यात ठेवावं आणि पाणी रोज बदलावं. नंतर बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर भुरभुरावं, वर नखभर माती, आणि झारीनं हलकं पाणी. हवा गरम असताना, म्हणजे फाल्गुन-चैत्रात पेरलं तर उगवण चांगली होते आणि पावसाळ्यात रोपं लावणीजोगी होतात. थंडीत झाड अंग आखडून बसतं, पानंही गळतात. मेलं समजून उपटू नका. थंडी सरताना गुडघ्याएवढं छाटलं की खालपासून दाट फुटतं. आमचं शाळेचं कुंपण खाली विरळ झालं होतं ते एवढ्याच कारणानं, की माझ्यानंतर कुणी ते खोल छाटलं नाही. वरवर कातरत राहिले. एका फाल्गुनात खोल छाटणी केली असती तर ते वर्षाच्या आत पुन्हा भरलं असतं. पाठीची कमान करत चालणाऱ्या अळ्या पावसाळ्यात पालवी खातात, त्या सकाळी वेचून काढल्या तर फवारणी लागत नाही. ज्या झाडाची पानं अंगाला लावायची त्यावर फवारणी करूही नये.

पाला साठवायचा तर सावलीत वाळवावा, उन्हात वाळवला की हिरवा रंग आणि गुण दोन्ही उडतात. चार-पाच दिवसांत पान चुरचुरीत होतं. मग दळून वस्त्रगाळ करावं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवावं. केसांसाठी मी ती पूड लोखंडी कढईत आवळा आणि चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवते. नुसत्या मेंदीनं पांढरे केस तांबूस होतात. ज्यांना काळसर हवेत त्यांनी नंतर निळीच्या झाडाच्या पानांची पूड लावावी, तीही पानाचीच. सासूबाई ओला पाला, माका आणि जास्वंदीची फुलं खोबरेल तेलात घालून मंद आचेवर कढवत, पानांचा चर्रर आवाज थांबला की तेल झालं. तळपायाची आग होत असेल तर वाटलेला पाला लावून तासभर बसावं, उन्हाळ्यात इतका गारवा दुसऱ्या कशानं मिळत नाही. टाचांच्या भेगांनाही मी तोच लावते.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं मेंदीच्या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. १६ अरब देशांनी मिळून तो प्रस्ताव दिला होता. बातमी वाचली तेव्हा आनंदच झाला आणि लगेच आमच्या शाळेचं कुंपण डोळ्यांसमोर आलं, तेव्हा ते उभं होतं. काही महिन्यांनी ते उखडलं गेलं.

माझ्या विनंत्या तीन आहेत. पुरवणीतलं चित्र दुरुस्त करून खऱ्या मेंदीच्या फांदीचं छायाचित्र छापावं, हवं तर मी काढून पाठवीन. रोपवाटिकांनी ड्युरांटाला ड्युरांटा म्हणावं, त्या पावतीवर खरं नाव असतं तर मुख्याध्यापकांनी रोपं परत पाठवली असती, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं. आणि ज्या शाळा, ग्रामपंचायती या पावसाळ्यात कुंपण लावणार आहेत त्यांनी मेंदी लावावी. तिला पैसा लागत नाही, फार पाणी लागत नाही, आणि चौथीतल्या मुलीच्या नागपंचमीला ती कामाला येते.

काड्यांची सोय आहे. यंत्र आलं त्या दिवशी मी ढिगातून फांद्या वेचून आणल्या आणि परसात लावल्या. दिवस लावणीचे नव्हते, १०० लावल्या त्यातल्या ४१ जगल्या. त्या आता कमरेएवढ्या झाल्या आहेत. या आषाढात पहिल्यांदा छाटणार आहे. चारशे-साडेचारशे काड्या निघतील असा अंदाज आहे. पहिला मान आमच्याच शाळेचा, मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, ड्युरांटाच्या आतल्या बाजूनं एक ओळ लावू द्यायला ते तयार आहेत. उरलेल्या काड्या आजूबाजूच्या शाळांसाठी ठेवते आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, शिक्षकांनी तिथून घ्यावा. येताना ओलं बारदान आणावं, नाहीतर काड्या वाटेत सुकतात, आणि आणल्या त्याच संध्याकाळी लावाव्यात.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. माण, जि. सातारा